निजलेली मुलं

अक्काताईच्या घराच्या पुढच्या सोप्यात दहाबारा तान्ही मुलं निजलेली होती आणि त्यांतलं एकही रडत नव्हतं. डॉक्टर जयवंता कामकर निपाणीत आली त्या दिवशी तिला याचंच कौतुक वाटलं. वाशांना लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या, खाली गोधड्यांवर आणखी काही मुलं, आणि मधोमध बसलेली अक्काताई एका हातानं झोळीची दोरी ओढत होती, दुसऱ्या हातानं शेंगा फोडत होती. भिंतीपलीकडं तंबाखूची वखार. तिथून चाळण्यांचा आवाज आणि बायकांचं खोकणं सारखं ऐकू यायचं. धूळ आत येऊ नये म्हणून अक्काताईनं खिडकीला गोणपाट लावलं होतं. त्यामुळं भर दुपारीही सोप्यात दिवेलागणीसारखा उजेड असायचा.

"किती शहाणी पोरं गं मावशी," जयवंता म्हणाली.

"माझ्या हाताखाली कुठलं पोरगं रडतंय?" अक्काताई म्हणाली. "आया तिकडं राबत्यात. इकडं पोरगं रडाया लागलं तर त्यांचा हात चालंल काय?"

अक्काताई ही जयवंताच्या आईची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झालेली. जयवंताच्या जन्मानंतर तिच्या आईला विषमज्वरानं धरलं, ती कितीतरी दिवस अंथरुणातून उठली नव्हती. तेव्हा बेळगावजवळच्या शहापूरहून या तान्ह्या मुलीला उचलून निपाणीला आणलं होतं ते याच मावशीनं. चालायला लागेपर्यंत जयवंता इथंच वाढली. त्यामुळं निपाणीत राहायचं म्हटल्यावर दुसरीकडं कुठं उतरायचा प्रश्नच आला नाही.

ती आली होती संशोधनासाठी. सन एकोणीसशे सदतीस होतं. शहापुरात वडलांचे दोन हातमाग होते. त्यांनी मुलीला बेळगावात शिकवलं आणि शिष्यवृत्ती मिळाली तशी मुंबईला डॉक्टरीला धाडलं. गल्लीतल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढं मुलगी डॉक्टरीण होऊन आली तेव्हा त्याच लोकांनी पेढे मागितले. आणि आता दोन वर्षं दवाखान्यात काम केल्यावर ती म्हणत होती की मला रोगी तपासायचे नाहीत, रोग कुठून येतो ते शोधायचं आहे. हे मात्र वडलांनाही उलगडलं नव्हतं.

"औषध देणार न्हाईस, मग डागदरीण कसली गं तू?" त्यांनी विचारलं होतं.

मुंबईच्या एका संस्थेतल्या प्राध्यापकांनी तिला निवडलं होतं. ते पंधरा वर्षं बालमृत्यूंवर काम करत होते. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची मुलं वर्षाच्या आत एवढी का दगावतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा तर्क असा की हा सगळा त्या धुळीचा परिणाम. आईच्या छातीत धूळ, अंगावर धूळ, तीच मुलाच्या श्वासात. जयवंतानं वर्षभर निपाणीत राहून तो तर्क तपासायचा होता. हे नीट पार पडलं तर पुढं कायमची जागा मिळणार होती.

तिनं मन लावून काम केलं. काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलीन लावून ती त्या वखारीत, सोप्यात, आणि वखारीपासून लांबच्या घरांतून टांगायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांवर बसलेले धुळीचे कण मोजायची. दर आठवड्याला मुलांची वजनं घ्यायची. घरोघर जाऊन कुठलं मूल कधी गेलं ते विचारायची. सुरुवातीला बायका बुजल्या, पण अक्काताईची भाची म्हटल्यावर बोलू लागल्या. दोन महिन्यांत दिसायला लागलं की वखारीला लागून असलेल्या गल्ल्यांतली मुलंच जास्त मरतात. लांब माळावरच्या शेतकऱ्यांची मुलं त्यामानानं तगतात. तर्क खरा ठरत होता. मुंबईहून शाबासकी आली. त्या दिवशी जयवंतानं मावशीला बाजारातून भजी आणून खायला घातली.

वजनांचं एक तेवढं तिला नीट कळत नव्हतं. मुलांना खोकला असो वा नसो, वजन वाढतच नव्हतं. आयांना दूध होतं. दुपारच्या सुट्टीत त्या धावत यायच्या, मुलाला पदराखाली घ्यायच्या, पण मूल दोन घोट घेऊन पुन्हा मान टाकायचं. "झोपाळू हाय लई," आई हसून म्हणायची आणि वखारीची घंटा झाली की पळायची. धुळीनं भूक मरत असेल, असं जयवंतानं स्वतःला समजावलं.

या बायकांत जयाबाई सगळ्यांत लहान. तिचा नवरा भरमू सदलग्याकडून तंबाखूच्या गाड्या हाकायचा. त्यांची पहिली मुलगी मालू पाच महिन्यांची. जयाबाई दुपारी आली की आधी मुलीच्या तळपायाला गुदगुल्या करायची. मालू हसली तर तिचा दिवस चांगला जायचा.

एका दुपारी मालू हसली नाही. दूधही प्यायली नाही.

"झोपू दे तिला," अक्काताई म्हणाली. "उठंल मागनं."

घंटा झाली. जयाबाई गेली. थोड्या वेळानं जयवंता वजनं घ्यायला बसली. मालूला झोळीतून उचललं तेव्हा मुलीचे हात दोन्ही बाजूंना ओल्या कपड्यासारखे लोंबले. ओठ निळे पडले होते. जयवंतानं कान छातीला लावला. श्वास येत होता. मग येत नव्हता. पुन्हा कितीतरी वेळानं एक आला. ती मुलीला घेऊन खाली बसली, तोंडाला तोंड लावून फुंकू लागली. छाती चोळली, तळवे चोळले. अक्काताईनं दारातून वखारीकडं हाक मारली.

मुलगी शुद्धीवर येतेय का ते बघायला जयवंतानं तिची पापणी वर केली आणि तिचा हात थांबला.

अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी होते. हे कुणालाही ठाऊक असतं. मांजराच्या डोळ्यांत बघितलं तरी कळतं. त्या सोप्यात तर धड वाचता येईल एवढाही उजेड नव्हता. आणि मालूच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती.

जयवंतानं असे डोळे एकदाच पाहिले होते. मुंबईच्या इस्पितळात एका तरुण विधवेला आणलं होतं. तिनं जिवाला कंटाळून अफू खाल्ली होती.

ती फुंकत राहिली. पण तिच्या मांडीवरच मालूचा श्वास एकदा आला आणि मग आला नाही.

तिनं मुलीला गोधडीवर ठेवलं. शेजारी वखारीतल्या मनुबाईचा मुलगा निजला होता. तिनं त्याची पापणी वर केली. टाचणीचं टोक. पलीकडच्या झोळीतल्या मुलीची पापणी वर केली. तसंच. मग ती उठली आणि एकेका झोळीशी जाऊन बघत सुटली. कुठलंही मूल जागं झालं नाही. कुणी हात झटकला नाही, कुणी कुरकुरलं नाही. सगळ्यांचे डोळे तसेच. ती दर आठवड्याला या मुलांना तराजूत घालत होती, त्यांच्या पाठीला कान लावत होती, त्यांच्यावर बसलेली धूळ मोजत होती, आणि एवढ्या दिवसांत एकदाही तिनं त्यांची पापणी उचलून पाहिली नव्हती. ती निजलेली होती म्हणून. निजलेल्या मुलाला कोण उठवतं?

जयाबाई आली. तिच्या भुवयांवर, ओठांवर तंबाखूची पिवळी धूळ होती. तिनं मुलीला उचललं आणि काही वेळ ती नुसती तिच्या तळपायाला बोटं लावत राहिली. मग बाकीच्या बायकांनी तिला धरलं.

संध्याकाळी मालूला पुरून माणसं परतली. भरमू ओट्यावर बसला होता. कुणीतरी म्हणालं, "धुळीनं छातीत धरलं असंल. डागदरीणबाई बी तेच म्हणत्यात नव्हं?" भरमूनं मान हलवली. "व्हय," तो म्हणाला. "धुळीनंच."

जयवंता दारात उभी होती. तिनंच घरोघर सांगितलेलं कारण आता या माणसाला तिच्यासमोर आधाराला मिळालं होतं.

घरात आल्यावर तिनं मावशीला विचारलं. ती लपवाछपवी करील, नाही म्हणेल, शपथ घेईल, अशा तयारीनंच तिनं विचारलं होतं.

"पोरांस्नी अफू कोण देतंय?"

"बाळगोळी व्हय?" अक्काताई चूल पेटवत होती, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "सकाळची आयाच देत्यात, मोहरीएवढी, दुधात कालवून. दुपारची मी देते. का गं?"

तिनं फुंकणीनं दाखवलेली कोनाड्यातली डबी जयवंतानं उघडून पाहिली.

"सगळ्यांस्नी?"

"मग? न्हाय दिली तर निजत्यात व्हय? सगळ्या निपाणीत देत्यात. परवान्याचं दुकान हाय बाजारात, चोरून का आणायचंय?"

"मला का सांगितलं न्हाईस मावशी? दोन महिने झाले, मी काय शोधतीया ते रोज बघत हुतीस."

आता अक्काताई वळली. तिच्या चेहऱ्यावर निव्वळ नवल होतं.

"तू धूळ इचारलीस. खोकला इचारलास. दूध किती, पाणी कुठलं, समदं इचारलंस. गोळीचं कुठं इचारलंस?"

"ती मालू त्यानं मेली मावशी."

"काय तरी बोलू नगंस."

"मी डोळे बघितलेत तिचे. अफूनं मेली. सकाळी आईनं दिली, दुपारी तू दिलीस. पोरीला ते झेपलं न्हाय."

अक्काताईनं फुंकणी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "अगं, तुला बी दिलीया मी. याच सोप्यात. तू न्हाय झालीस डागदरीण?"

आपण याच झोळीत, याच अंधारात, तशाच डोळ्यांनी पडून होतो, हे जयवंताच्या मनात शिरायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी वखार सुटल्यावर तिनं सगळ्या आयांना सोप्यात बसवलं आणि सांगितलं की उद्यापासून गोळी बंद. एक कणही द्यायचा नाही. मालूचं जाणं ताजं होतं. बायका घाबरल्या होत्या, त्यांनी माना डोलावल्या. अक्काताईनं डबी उलटी करून गोळ्या चुलीत टाकल्या. जयवंताला वाटलं, आपण आजच दहाबारा जीव वाचवले.

दुसऱ्याच दिवसापासून मुलं रडायला लागली. पहिल्यांदा जयवंताला ते ऐकून बरं वाटलं. पण हे रडणं भुकेचं नव्हतं. छातीशी घेतलं तरी थांबत नव्हतं, पाजायला घेतलं तर मूल मागं वाकून किंचाळत होतं. हातपाय थरथरत होते. एकसारख्या शिंका, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. भिंतीपलीकडं आयांना सगळं ऐकू जात होतं. चाळण सोडून त्या धावत यायच्या. शेवटी वखारीचा मुकादम बसवंत सोप्याच्या दाराशी आला.

"बाई, हे काय चाललंय? एकीचंबी कामात ध्यान न्हाय. पोरं गप करा, न्हायतर मला दुसऱ्या बायका बघाव्या लागतील."

पोरं गप झाली नाहीत. त्यानं चार बायकांना घरी धाडलं. आणि त्याच दुपारी मनुबाईच्या मुलानं डोळे पांढरे केले. दोन दिवस त्याच्या पोटात काही टिकलं नव्हतं. टाळू खोल गेली होती, ओठ सुकून फाटले होते. जयवंतानं मीठसाखरेचं पाणी थेंबथेंब घातलं, ते उलटून पडलं. मुलाला झटका आला, मग दुसरा.

तेव्हा तिला आठवलं. पुस्तकात होतं ते. अफूचं व्यसन असलेल्या माणसाची अफू एकदम तोडली तर काय होतं, ते सगळं तिनं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण त्या पानावर चित्र होतं एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं. सात महिन्यांच्या मुलाला व्यसन असतं, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मावशी, गोळी हाय काय एखादी?"

"तूच जाळायला लावल्यास नव्हं," अक्काताई म्हणाली.

जयवंता पायात काही न घालता बाजाराकडं पळाली. परवान्याच्या दुकानात यमनाप्पा नावाचा चष्मेवाला म्हातारा बसला होता. अंगावर स्वच्छ पांढरा सदरा, मागं देवाच्या तसबिरीला ताजा हार. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "बाळासाठी व्हय, आक्का?"

जयवंता म्हणाली, "व्हय."

त्यानं कागदाची पुडी बांधली. रोज कितीतरी बायांना बांधून देत असेल, तशीच. "निवांत निजतंय बघा," तो म्हणाला.

घरी येऊन तिनं गोळीचा बारीक तुकडा पाण्यात विरघळवला आणि स्वतःच्या हातानं त्या मुलाच्या जिभेवर थेंब टाकला. थोड्या वेळानं आणखी एक. मनुबाई बघत होती. परवा हीच डागदरीणबाई गोळी म्हणजे विष म्हणून सांगत होती. जयवंताला तिच्याकडं मान वर करून बघवलं नाही. मुलाचे हातपाय सैल पडले. ते पाणी प्यायलं आणि या खेपेला ते पोटात राहिलं.

मग तिनं ठरवलं की सोडवायचं ते हळूहळू. पाण्यात विरघळवलेली अफू, प्रत्येक मुलाला त्याच्या वजनाच्या बेतानं थेंब, आणि दर दोन दिवसांनी थेंब कमी. ती स्वतः दिवसभर सोप्यात बसून राहिली. बसवंत मुकादमाकडं जाऊन तिनं हात जोडले. त्यानं कुरकुरत का होईना, बायकांना सकाळी एकदा येऊन पाजायला परवानगी दिली. एका आईनं तरीही घरी चोरून गोळी चालूच ठेवली. तिचं मूल पुढच्या महिन्यात गेलं. बाकीची मुलं महिन्याभरात जागी झाली. त्यांचं वजन वाढलं. गोणपाट काढून टाकलेल्या खिडकीतून ती बाहेर बघायला लागली.

पण जयाबाईला सांगायचं राहिलं होतं. जयवंता रोज उद्यावर ढकलत होती. शेवटी एका सकाळी ती तिच्या घरी गेली. जयाबाई सुपात जोंधळे पाखडत होती. जयवंतानं सगळं सांगितलं, काहीही राखलं नाही. धुळीचं कारण खोटं ठरलं तेही सांगितलं.

जयाबाईचं सूप थांबलं नाही. जोंधळे उडत होते, पडत होते.

"पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

जयवंतानं पुन्हा सांगितलं.

"म्हंजे मी सकाळी दिली, ती."

"एकट्या त्येनं झालं न्हाय. दुपारची..."

"मी दिली," जयाबाई म्हणाली. "त्या दिवशी वाईच जास्त दिलती. रातभर रडत हुती, मला झोप न्हवती." मग तिनं सूप खाली ठेवलं आणि जयवंताला दाराकडं हात केला. जयवंता निघून आली.

पावसाळ्याच्या तोंडाला प्राध्यापक स्वतः निपाणीला आले. कोल्हापूरहून सर्व्हिस मोटारीनं, धुळीनं माखलेले. जयवंतानं त्यांना सोप्यात नेलं. शेजारच्या गल्लीतली एक बाई त्याच दिवशी आपलं मूल पहिल्यांदा घेऊन आली होती. जयवंतानं त्या मुलाची पापणी वर केली आणि बाजूला झाली.

ते वाकले. दुसऱ्या डोळ्याची पापणी त्यांनी स्वतः उचलून पाहिली. मग तिथंच जमिनीवर बसले. त्यांच्या पाटलोणीला शेणाचं सारवण लागलं.

"पंधरा वर्षं," ते म्हणाले. "पुण्यात, मुंबईत, गिरण्यांच्या चाळींतून. किती मुलं पाहिली असतील मी. शांत होती. मला वाटायचं, कुपोषणानं थकली आहेत." त्यांनी चष्मा काढला. "मी तसंच छापलंय, कामकर."

"धूळ आहेच, सर," जयवंता म्हणाली. "खोकला धुळीचाच आहे. पण मरणं सगळी तिची नाहीत. मला अजून वाटून सांगता येत नाही, किती धुळीची आणि किती अफूची."

"मग ते शोधा. एका वर्षात होणार नाही." ते उठले. "आणि आधी आपण चुकलो ते लिहायचं. दोघांनी. माझं नाव वर घाला."

अक्काताई उंबऱ्यात बसून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "जयवंता, एक इचारू?"

"इचार की."

"माझा जोतिबा. तू व्हायच्या आदी गेला. सात म्हयन्याचा हुता. सकाळी निजला, दुपारी बघितलं तर गार. आमचं मालक जाऊन वरीस बी झालं न्हवतं. मी वखारीला जात हुते तवा. त्याला बी देत हुते."

जयवंताला या मुलाची कुणी कधी गोष्ट सांगितली नव्हती. तिच्या आईनंही नाही. ज्या हातांनी तिला वाढवलं त्या हातांकडं ती बघत राहिली. नाही म्हणणं सोपं होतं. मावशीनं ते मानलंही असतं.

"मला ठावं न्हाय मावशी," ती म्हणाली. "तवा कुणी बघितलं न्हाय. व्हय बी म्हणवत न्हाय, न्हाय बी म्हणवत न्हाय."

अक्काताईनं तिच्याकडं पाहिलं.

"म्हंजे व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं नाही. आया मुलं घेऊन ओट्यावर उभ्या. आत अक्काताई भिंतीकडं तोंड करून निजली होती; जयवंतानं किती सांगितलं तरी ती उठेना. "माझ्या हातात पोर देऊ नगा," एवढंच म्हणायची. बाहेर बायकांत कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या बोळात रुक्माबाई मुलं सांभाळायची आणि ती गोळी द्यायची. वखारीची घंटा झाली. दोघीतिघी तिकडं वळल्यासुद्धा.

जयाबाई त्या वाटेनं कामावर चालली होती. ती वाटेत आडवी उभी राहिली.

"कुठं निघालीस?" तिनं पुढच्या बाईला विचारलं.

"रुक्माबाईकडं. आक्का दार उघडीना. काय करू?"

"मालू धुळीनं न्हाय मेली," जयाबाई म्हणाली. "मी मारली. गोळी देऊन. तुझंबी न्हेऊन मार जा."

ज्यांना जयवंतानं महिनाभर समजावलं होतं, आकडे सांगितले होते, त्या बायका आता पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या उभ्या होत्या. वळलेल्या बायका परत आल्या. जयाबाईनं नुसतं लोटून घेतलेलं दार ढकललं, आत गेली, अक्काताईकडं बघितलंही नाही. तिनं एकेक मूल घेतलं आणि झोळीत घालत गेली. त्या दिवशी ती वखारीत गेली नाही. नंतरही गेली नाही.

पुढं जे घडलं ते फार मोठं नव्हतं. वखारीच्या मालकानं दोन वर्षांनी मुलांसाठी एक वेगळी खोली दिली, धुळीपासून बाजूला, आणि दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी दिली. ती खोली जयाबाईनं सांभाळली. जयवंता आणि तिचे प्राध्यापक यांचा लेख एका वैद्यकीय मासिकात आला. तो इंग्रजीत होता. निपाणीत कुणी वाचला नाही. यमनाप्पाचं दुकान चालूच राहिलं. जयवंताला कायमची जागा मिळाली आणि ती चिकोडी, सदलगा, मग बेळगावच्या गल्ल्या करत पुढं सरकली. प्रत्येक ठिकाणी कुठली तरी आई तिला विचारायची, "माझं गेलं ते यानंच काय?" आणि प्रत्येक वेळी ती मावशीला दिलेलंच उत्तर द्यायची.

अक्काताईनं निपाणी सोडली. ती शहापूरला बहिणीकडं येऊन राहिली. दिवसभर मागाशेजारी बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. मुलांच्या पाळण्यापासून ती लांब राहायची. घरात नातवंडं झाली तरी तिनं कुणाला मांडीवर घेतलं नाही. जयवंता सुट्टीला घरी आली की जेवणं झाल्यावर ती एकच विचारायची.

"औंदा निपाणीत पोरं किती गेली गं?"

जयवंता खरा आकडा सांगायची. बहुतेक वर्षी तो कमी झालेला असायचा. एका वर्षी देवीची साथ आली तेव्हा वाढला होता, तोही तिनं सांगितला. अक्काताई ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि पुन्हा रहाटाला हात घालायची.